कोकिळाबाई आणि घोरणारी खोली

कोकिळा बोबडे हे नाव पहिल्यांदा ऐकणारा माणूस हसतोच. आईबापानं कोकिळा ठेवलं, लग्नानं बोबडे दिलं, आणि एसटीनं त्या दोघांना मिळून माइकसमोर बसवलं. एकतीस वर्षं वर्ध्याच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागे बसून त्या सांगत होत्या, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." आवाज असा गोल, असा स्वच्छ, की परगावचे लोक खिडकीत वाकून पाहायचे, आत टेप लावलीय की बाई बसलीय. लक्ष मात्र कोणीच द्यायचं नाही. यवतमाळची गाडी फलाट दोनवर लागली असं त्यांनी तीनदा सांगून माइक बंद केला, की चौथ्या सेकंदाला खिडकीत एक डोकं यायचं. "बाई, यवतमाळची कुठी लागते?" कोकिळाबाई तितक्याच गोडीनं चौथ्यांदा सांगायच्या. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला कानानं ऐकू येत नाही, तोंड पाहिल्यावर ऐकू येतं.

अठ्ठावन्न पूर्ण झाले आणि शाल-श्रीफळ घेऊन त्या घरी आल्या. आवाजही घरी आला. आता तो घालवायचा कुठे? पिपरी मेघेतल्या दोन खोल्यांत त्या चारी बाजूंना ऐकू जाईल असं बोलायच्या. कुकरची तिसरी शिट्टी झाली की स्वयंपाकघरातून निवेदन, "वरण झालेले आहे." शेजारच्या बंगालीबाईनं एकदा खरंच ताट घेऊन यायचं बाकी ठेवलं होतं.

त्याच उन्हाळ्यात त्यांचा कूलर बिघडला आणि रत्नदीप थूल दुरुस्तीला आला. पिपरी मेघेत त्याचं कूलर, इन्व्हर्टर, मिक्सर दुरुस्तीचं दुकान. चाळिशीचा, बारीक, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे पाहणारा माणूस. तो खिडकीबाहेर स्टुलावर उभा राहून मोटर खोलत होता. कोकिळाबाईंनी आतून सहज विचारलं, "कूलरचे कारागीर चहा घेणार आहेत काय?"

स्टूल हललं, पाना खाली पडला. रत्नदीप खिडकीच्या गजाला धरून उभा. मग तो म्हणाला, "मॅडम, तुमचा आवाज मले पाहिजे होता."

"काऊन?"

"भुताले हाक माराले."

रत्नदीपनं तेव्हा जे सांगितलं ते असं. तीन वर्षांपूर्वी त्याला सेलूकडच्या एका घरी बोलावलं होतं. तिथे संध्याकाळी दिवे आपोआप मोठे-बारीक होत. घरच्यांनी लिंबू-मिरच्या, धुपारे, सगळं करून पाहिलं होतं. रत्नदीपनं खांबावरून आलेली न्यूट्रलची तार पाहिली. सैल होती. ती घट्ट केली, भूत गेलं. तेव्हापासून लोक बोलवायला लागले. मग त्यानं एक पथकच काढलं. 'अनाकलनीय घटना तपास पथक, वर्धा'. पथकात दोघं, तो आणि समीक्षा मून. समीक्षा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची. अठ्ठावीस वर्षांची, चष्मेवाली, कोणी काहीही सांगितलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "नमुना कुठाय?"

"आमी भूत काढत नाई," रत्नदीप चपलांकडे पाहत म्हणाला. "तो कायद्यानं गुन्हा हाये, अन् आमाले येतही नाई. आमी फक्त पाहतो, आहे का नाई. आंधी वायरिंग, मंग पाणी, मंग जनावर, मंग माणूस. त्यातही नाई सापडलं तं शेवटी हाक मारतो. पण हाक माराले आमच्यात कोणी नाई ना. मले लाज वाटते, अन् समीक्षाले हसू येते. 'कोणी आहे का' म्हणेपर्यंत ती फुटते. आता भूत असलं तरी तेही अपमान समजून निघून जाईन."

कोकिळाबाईंनी विचार करायला चहा उकळेपर्यंतचा वेळ घेतला. आयुष्यभर जिवंत माणसांनी ऐकलं नाही; मेलेल्यांनी तरी ऐकावं, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. कप पुढे करत त्या म्हणाल्या, "किती वाजता निघायचं?"

पथकाची एक गोष्ट त्यांना पहिल्यापासून पटली. रात्री-बेरात्री कंदील घेऊन फिरणं यांच्यात नव्हतं. ज्या वेळी तक्रार, त्या वेळी तपासणी. आणि आपल्याकडची भुतं म्हणजे बहुतेक भर दुपारी बाराची. तेव्हा डबा, थंड पाण्याची बाटली, उन्हासाठी कांदा आणि दुपट्टा, एवढं सामान पुरायचं. वर्षभरात कोकिळाबाईंनी अकरा तपासण्या केल्या. एका फ्लॅटची बेल आपोआप वाजायची, तर बटणाच्या डबीत पाल निघाली. एका घरी देव्हाऱ्यातून कण्हण्याचा आवाज यायचा, तर मागच्या भिंतीला शेजाऱ्याची बोअरवेल होती. हाक मारायची पाळी चारदा आली, उत्तर एकदाही नाही. पण हळूहळू पथकाच्या ध्यानात आलं, की कोकिळाबाईंचा खरा उपयोग हाकेआधीच होतो. खिडकीत 'आर्वीची गाडी कधी' विचारणारा माणूस कधीकधी गाडीसाठी विचारत नसतो, त्याला कोणाशी तरी दोन शब्द बोलायचे असतात, हे एकतीस वर्षांत त्यांना कळलं होतं. त्या घरच्यांना भुताचं विचारतच नसत. "काल काय स्वैपाक केलता वं?" इथून सुरू करत, आणि पंधरा मिनिटांत कोणाचं कोणाशी पटत नाही ते सगळं बाहेर.

आता पुलगावची गोष्ट.

मे महिन्यात मेघा गुल्हाने नावाच्या सुनेचा फोन आला. आवाज दबका. "काकू, आमच्या मागच्या खोलीत आमचे सासरे घोरतात."

"मंग त्याईले कुशीवर झोपाले सांग."

"ते वारले ना दिवाळीच्या आधी."

रविवारी रत्नदीपच्या जुन्या मारुती व्हॅनमधून तिघं निघाले. मागे कूलरच्या गवताचे पॅड भरलेले, त्यामुळे आत वाळ्याचा वास. अकराला पोहोचले तेव्हा डांबर मऊ झालं होतं. घर पुढून स्लॅबचं, नवं. मागे एक कवेलूची, म्हणजे कौलारू, खोली शिल्लक ठेवलेली. त्या खोलीत खिडकीला कूलर, एक खाट, कोठ्या, जुने डबे आणि भिंतीवर महादेवराव गुल्हान्यांचा पांढऱ्या टोपीतला, हार घातलेला फोटो. गिरणीत नोकरी करून निवृत्त झालेले, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वारलेले. फोटोत सुद्धा डोळे अर्धे मिटलेले होते.

रत्नदीपनं आधी वायरिंग पाहिलं. मग लष्कराच्या दारूगोळा डेपोकडून काही आवाज येतात का विचारलं, कारण पुलगावात खिडकी थरथरली तर भुताआधी तिकडे पाहायचं असतं. तसं काही नव्हतं. समीक्षानं तिचा छापील फॉर्म काढला आणि घरच्यांना वेगवेगळं बसवलं. म्हणजे मेघाला पुढे आणि सासूला मागे. घरात दोघीच, मुलगा नागपुरात नोकरीला.

मेघाचं म्हणणं सोपं होतं. "आई दिवसभर त्या खोलीत बसून भांडतात. मी म्हणतो, काई नाई तिथी. मंग त्या म्हणतात, चूप, ऐक. अन् खरंच घोरते, काकू! मी ऐकलं. मले आता दुपारी भांडेही घासवत नाई."

सासू मनकर्णाबाई सत्तरीच्या, उंच, ताठ. त्यांना भीती-बिती काही नव्हती. त्या खुशीत दिसत होत्या.

"अठ्ठेचाळीस वर्षं ऐकलं मी ते घोरणं," त्या कोकिळाबाईंना म्हणाल्या. "हजारात ओळखीन. पहिले फुस्स होते, मंग खर्रर्र, मंग थांबते. थांबलं की मले वाटे, मेला काय? मंग पुन्हा फुस्स. तेच हाये. बुढाच हाये."

"मग तुम्ही त्यांना काय म्हणता, मावशी?"

"जे राह्यलं होतं ते म्हणतो."

"काय राह्यलं होतं?"

मनकर्णाबाईंनी पदर सावरला. "दर गुरुवारी आर्वीले जाये. दोन वर्षं. आर्वीत आमचं कोणी नाई, ना पाहुणा, ना वावर. काऊन जाता म्हटलं तं म्हणे, असंच. आता तुमीच सांगा, असंच कोणी आर्वीले जाते काय?"

आर्वीच्या गाडीला रोज किती गर्दी असते हे कोकिळाबाईंना माहीत होतं, पण ती सगळी असंच जाते की कशी, याची नोंद एसटी ठेवत नाही.

बाराला ताटं मांडली गेली. पथकाचा नियम होता, तपासणीच्या घरी फक्त पाणी. मनकर्णाबाईंनी तो नियम मोडीत काढला. "घोराले अजून टाइम हाये. बुढा जेवल्याशिवाय झोपत नसे, तुमी काऊन उपाशी बसता?" आंब्याचा रस, पोळ्या, कुरडया, वर तूप. रस संपला की मेघा न विचारता वाटी भरायची. समीक्षानं फॉर्मवर 'तपासनीसांचा आहार' असा रकानाच नव्हता म्हणून काही लिहिलं नाही.

पाऊण वाजता तिघं मागच्या खोलीत सतरंजीवर बसले. मनकर्णाबाई खाटेवर, मेघा दारात. रत्नदीपनं रेकॉर्डर मध्ये ठेवला. आणि पाचच मिनिटांत, वरून, कवेलूखालच्या लाकडी माळ्यातून आवाज आला.

फुस्स. खर्रर्र.

रत्नदीपच्या मानेवरचे केस उभे राहिले ते कोकिळाबाईंनी स्वतः पाहिले. समीक्षानं लिहिलं, '१२.५२. घोरणे. मध्यम.'

"मॅडम," रत्नदीप कुजबुजला, "विचारा."

कोकिळाबाई उठल्या, साडी नीट केली आणि ज्या आवाजात एकतीस वर्षं गाड्या सोडल्या त्या आवाजात म्हणाल्या, "श्री. महादेवराव गुल्हाने यांनी कृपया लक्ष द्यावे. आपण महादेवराव असाल तर एकदा घोरावे. नसाल तर दोनदा घोरावे."

शांतता. मग, खर्रर्र. एकदा.

मेघानं दाराची चौकट धरली. मनकर्णाबाईंनी विजयी चेहऱ्यानं सगळ्यांकडे पाहिलं.

"आपणास काही त्रास आहे काय? असल्यास एकदा, नसल्यास दोनदा."

फुस्स, खर्रर्र, फुस्स, खर्रर्र, खर्रर्र.

"अडीच," समीक्षा म्हणाली. "अडीचचं काय लिहू?"

"त्याले विचारा," मनकर्णाबाई खाटेवरून पुढे झुकल्या, "आर्वीले कोण हाये?"

"मावशी, हो-नाहीचा प्रश्न पाहिजे."

"मंग विचारा, बाई हाये काय?"

कोकिळाबाईंनी विचारलं. वरून काहीच आलं नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. "पाहा," मनकर्णाबाई म्हणाल्या, "जिता होता तेव्हाही इथीच चूप बसे." आणि त्या रागारागानं उठून शेजारणींना सांगायला गेल्या. मेघा भांडी घासायला गेली. पथक आवाजाची वाट पाहत बसलं. बाहेर ऊन रटरटत होतं, आत कूलरचा गारवा, पोटात तीन-तीन वाट्या रस. 'एक वाजून बावीस' हे समीक्षाच्या वहीतलं शेवटचं अक्षर. त्यातल्या 'बावीस'चा वेलांटीनंतरचा भाग पानाच्या कडेला उतरत उतरत सतरंजीपर्यंत गेला होता.

तीनला कोकिळाबाई जाग्या झाल्या त्या अंगणातल्या गलबल्यानं. मनकर्णाबाईंनी पस्तीस-चाळीस माणसं जमवली होती. रत्नदीप डोळे चोळत उठला. कोणी कोणाला 'तुम्ही झोपला होता का' असं विचारलं नाही.

नियम असा, की रेकॉर्डिंग आधी पथकानं एकट्यानं ऐकायचं. पण चाळीस माणसं उन्हात उभी असताना नियम सांगायचा कोणी? रत्नदीपनं रेकॉर्डर लहानशा स्पीकरला जोडला आणि अंगणातल्या स्टुलावर ठेवला.

आधी कूलरचा घरघराट. मग घोरणं. मग आणखी एक घोरणं, जाड. मग तिसरं, शिट्टीसारखं. माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. "एक बुढा अन् तीन-तीन घोरणे?" कोणीतरी म्हणालं. आणि मग स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला. खोल, संथ, जणू विहिरीच्या तळातून.

"आर्वीला... थांबली आहे..."

अंगणात चिडीचूप झालं.

"आर्वीला... थांबली आहे... कृपया... लक्ष द्यावे..."

मनकर्णाबाई मटकन खाली बसल्या. "थांबली हाये! आर्वीले थांबली हाये म्हणते! अन् मी लक्ष देऊ काय तिच्यावर?"

कोकिळाबाईंना पहिल्याच अक्षराला कळलं होतं. 'कृपया'तल्या 'या'वर जरासं खाली बसणं, ते दुसऱ्या कोणाचं असणार? आर्वीला जाणारी गाडी फलाट तीनवर थांबली आहे. दुपारी अडीचची. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी त्या झोपेत ती गाडी लावत होत्या. आणि घरी इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नाही, कारण सांगणार कोण? नवरा डाव्या कानानं पार बहिरा आणि उजवा कान उशीत दाबून झोपणारा.

खरं म्हणजे तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दोन गोष्टी आड आल्या. एक रत्नदीप. बिचाऱ्याचे डोळे भरून आले होते. चार वर्षं सैल तारा आणि पाली शोधत फिरलेला माणूस, आज पहिल्यांदा त्याच्या हातात काहीतरी आलं होतं. आणि दुसरी गोष्ट कोकिळाबाईंनी पुढे फक्त समीक्षाला सांगितली. चाळीस माणसं उन्हात उभी राहून त्यांचं निवेदन ऐकत होती. एकजण हलला नाही. एकानं खिडकीत येऊन 'काय म्हणलं?' विचारलं नाही. असं एकतीस वर्षांत झालं नव्हतं.

"पुन्हा एकदा लावा," त्या म्हणाल्या.

रत्नदीपनं पुन्हा लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. चांगला होता आवाज. जरा झोपेतला, पण चांगला.

डोळे उघडले तेव्हा मनकर्णाबाई आत जाऊन फोटो घेऊन आल्या होत्या. हार काढून फेकला आणि फोटो न्हाणीच्या भिंतीला, तोंड भिंतीकडे करून, उभा ठेवला. "इथीच राहा," त्या फोटोच्या पाठीला म्हणाल्या. अकराला पाहिलेली ती ताठ बाई आता पायरीवर बसून तळहातानं डोळे पुसत होती, आणि शेजारणी तिच्या पाठीवरून हात फिरवत मान हलवत होत्या, जणू त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं.

एका मेलेल्या माणसाचा संसार कोकिळाबाईंनी झोपेत मोडला होता.

त्या पायरीवर चढल्या. "मावशी, तो आवाज माया हाये."

कोणी ऐकलं नाही. नेहमीप्रमाणे. तेव्हा त्यांनी पदर खोचला, छाती भरून श्वास घेतला आणि पुऱ्या आवाजात अंगण दणाणून सोडलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वर्ध्याहून आर्वीला जाणारी साधी गाडी फलाट क्रमांक तीनवर थांबली आहे!"

'कृपया'वर आवाज जिथे बसायचा तिथेच बसला. चाळीस तोंडं उघडी राहिली. मागून एक म्हातारा म्हणाला, "अरे, ही तं वर्ध्याच्या बसस्टँडवरची बाई होय! मी समजे, टेप हाये."

"मी झोपेत बोलली," कोकिळाबाई म्हणाल्या. "थांबली ती गाडी. आम्ही तिघंही जेवून झोपलो होतो. ते जाड घोरणं रत्नदीपभाऊचं आहे, अन् शिट्टी या पोरीची."

"काकू!" समीक्षा म्हणाली. पण लगेच तिच्यातली लॅबवाली जागी झाली. तिनं कोकिळाबाईंना तेच वाक्य रेकॉर्डरमध्ये पुन्हा म्हणायला लावलं, दोन्ही नमुने एकापाठोपाठ एक वाजवले आणि फॉर्मवर 'जुळते' असं लिहिलं. रत्नदीप स्टुलाशेजारी उकिडवा बसून वायर गुंडाळत राहिला. "एवढ्या उन्हात आलतो आमी," म्हणत गर्दी पांगायला लागली.

आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून, फुस्स. खर्रर्र.

पांगणारी माणसं जागच्या जागी थांबली. कोकिळाबाई दोन्ही हात वर करून म्हणाल्या, "हे मी नाई."

या वेळी समीक्षा आधी आत गेली. तिला मघापासून कोठीमागच्या कोपऱ्यात करड्या रंगाच्या गोळ्या दिसत होत्या, पण रसाच्या नादात राहून गेल्या होत्या. तिनं एक गोळी कागदावर घेऊन चिमट्यानं फोडली. आत केस आणि बारीक, पांढरी हाडं. उंदराची कवटी चिंचोक्याएवढी.

"हा नमुना!" ती आनंदानं ओरडली.

रत्नदीप शिडीवर चढला. माळ्याची फळी सरकवली, टॉर्च लावली, आणि चढला त्याच्या तिप्पट वेगानं खाली आला. "चार हायेत," तो धापा टाकत म्हणाला. "मायाकडे पाहून राह्यले."

गव्हाणी घुबडाची पिल्लं; खालच्या गोळ्याही घुबडांनीच ओकलेल्या. कापसाच्या फुटलेल्या बोंडाला कोणी चेहरा काढावा तशी. आईची वाट पाहत मानेला झोके देत होती आणि फुस्स-खर्रर्र करत होती. मेघानं चढून पाहिलं आणि भीती विसरून हसायलाच लागली. मनकर्णाबाईंना शिडीवर चढणं जमेना, म्हणून रत्नदीपनं मोबाइलवर फोटो काढून दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"बुढा चार ठिकाणी झाला काय?"

"नाई मावशी. हे फक्त घुबड आहेत."

"घुबड घरात वाईट," एक शेजारीण म्हणाली. "हाकला."

"उंदीर खाते ना?" मनकर्णाबाई तिच्याकडे वळल्या. "आमचा बुढा तं उंदीर पाहून खाटेवर चढे. राहू दे त्याईले." मग त्या पुन्हा कोकिळाबाईंकडे आल्या. आवाज आता शांत होता, पण हटवादी. "भूत नाई, मान्य. आवाज तुमचा, मान्य. पण तो आर्वीले जाये काऊन, हे तं राह्यलंच."

रत्नदीप म्हणाला, "मावशी, ते पथकाच्या कामात येत नाई." बरोबरच होतं त्याचं. पण कोकिळाबाई त्या पायरीवर, त्यांच्या शेजारी टेकल्या आणि पर्समधून मोबाइल काढला. आर्वी लाइनवर पौर्णिमा नावाची एक कंडक्टर होती, त्यांच्या हाताखालून गेलेली. गुरुवारी कधीकधी तिचीच ड्यूटी असायची. स्पीकर सुरू करून त्यांनी विचारलं, "पौर्णिमा, पुलगावहून गुरुवारी एक म्हातारे बसत, पांढरी टोपी, पंच्याहत्तरच्या वरचे. गुल्हाने नावाचे. आठवतात काय वं?"

पलीकडून हसण्याचा फुगा फुटला. "घोरनारे बाबा? अवं मॅडम, पूर्ण गाडी ओळखे त्याईले! फुकट पासवाले. दुपारच्या गाडीत शेवटच्या सीटवर बसत, पुलगाव सुटलं की डोळे मिटले. आर्वी आली की मी हलवो. ते म्हणत, बाई, उतरत नाई मी, याच गाडीनं वापस जातो. अन् पुन्हा झोप. एकडाव म्या विचारलं, बाबा, घरी काऊन नाई झोपत? तं म्हणे, घरी आवाज होते, मालकीण चिडते."

फोन बंद झाला. मनकर्णाबाई समोरच्या उन्हाकडे पाहत बसल्या.

"दुपारी झोपूच देत नव्हती मी," मनकर्णाबाई शेवटी म्हणाल्या. "रिटायर झाला तवापासून. म्हटलं, दिवसा झोपला की रात्री मायी झोप खातो." थोड्या वेळानं त्यांना हसू आलं. आधी नाकातून, मग सगळ्या अंगातून. "पस्तीस किलोमीटर झोपाले जाये! अन् मी आर्वीतल्या बाईले शिव्या देऊन राह्यली!" हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग उठल्या, न्हाणीतून फोटो आणला, काच पदरानं पुसली आणि फोटोकडे बोट दाखवत मेघाला म्हणाल्या, "याईच्यासाठी च्या ठेव. उठले आत्ताच."

पथकाचा अहवाल दोन पानी झाला. त्यात समीक्षानं 'घोरणारे एकूण सात, पैकी पक्षी चार, तपासनीस तीन' असं स्पष्ट लिहिलं. आपण नुसतं बोललो, घोरलो नाही, म्हणत कोकिळाबाईंनी 'तीन' खोडायची विनंती केली, पण नमुना खोडता येत नाही असं उत्तर मिळालं. रत्नदीप दोन दिवस जरा उदास होता. तिसऱ्या दिवशी तोच दुकानातून फोन करून म्हणाला, "मॅडम, आपल्याले खरं भूत सापडलं असतं तं मी पळून गेलो असतो बहुतेक." आणि मग त्याला बरं वाटलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पिल्लं उडाली. मेघानं फोन करून कळवलं. मधल्या काळात जाम नावाच्या गावाहून एक पत्र आलं होतं. हायवेच्या चौकात एक टायर दुरुस्तीवाला होता, त्याच्या दुकानात ट्यूबमध्ये आपोआप हवा भरते अशी त्याची तक्रार होती. काढलेली हवा सकाळी पुन्हा असते. रत्नदीपला वाटलं, व्हॉल्व्ह. समीक्षाला वाटलं, ऊन. कोकिळाबाईंना वाटलं, आधी त्याच्या बायकोशी बोलावं.

रविवारी सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला. कोकिळाबाईंनी पाण्याची बाटली, कांदा आणि दुपट्टा पिशवीत टाकला आणि पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याच्या उजव्या बाजूला जाऊन सांगितलं, "मी जामले जाऊन येतो."

त्यांनी पेपर खाली केला. आपल्याकडे पेरूलाही जामच म्हणतात. "जाम? या दिवसांत?" ते म्हणाले. "पाहून घेजो, कच्चे नको आणू."

हॉर्न दुसऱ्यांदा वाजला. "अर्धा किलो आणतो," त्या म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या.